पाठ टेकणं

नवरा गेल्यावर लोक मला धीराची बाई म्हणायला लागले. तो बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सकाळच्या पाळीला मोटरसायकलवर निघाला आणि कामावर पोचलाच नाही. मागून आलेल्या टेम्पोनं उडवलं. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात धुतले, कणकेवर ओलं फडकं टाकलं, गॅस बंद आहे का बघितलं आणि दवाखान्यात गेले. ओळख पटवायची होती. पटवली.

दिवसकार्याला घर भरलं होतं. जावा रडत होत्या. मुलगी रडून रडून आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी सगळ्यांना पाणी हवं का, चहा हवा का, असं विचारत फिरत होते. "धीराची आहे बाई," असं कुणीतरी माझ्या पाठीमागं म्हणालं. पण तो धीर नव्हता. तिथं काहीच नव्हतं. एखाद्या रिकाम्या डब्यात हात घालावा आणि तळ लागावा, तसं.

मी योग शिकवायचे. लग्नाआधी शिकलेली, मुलगी मोठी झाल्यावर वर्ग सुरू केलेले. महिनाभरानं वर्ग पुन्हा सुरू केले. सगळं पूर्वीसारखंच जमत होतं. उलट बायका म्हणायच्या की तुमचा आवाज आता फार शांत झालाय. जेवायची वेळ झाली की जेवायचे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला परत गेली, तिला स्टँडवर सोडून आले, घरी येऊन तिची चादर धुवायला टाकली. कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

माझ्या वर्गाला एक आजी यायच्या. त्यांचा मुलगा मानसोपचाराचा डॉक्टर. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर एक व्यसनमुक्ती केंद्र होतं, तिथं तो आठवड्यातून एकदा जायचा. एकदा आईला न्यायला आला आणि मला म्हणाला, "आमच्या तिथं वर्ग घ्याल का? सगळी पुरुष मंडळी आहेत. बरीचशी जेलमधून सुटून आलेली. बाकीचे शिक्षक एकदोन वेळा येतात आणि परत येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"घाबरतात, किंवा चिडतात."

मी म्हणाले, येईन. घाबरायचं किंवा चिडायचं काही माझ्याकडं शिल्लक नव्हतं, त्यामुळं अडचण दिसली नाही.

केंद्र म्हणजे पूर्वीची कोंबड्यांची शेड होती. पत्र्याचं छप्पर, अर्ध्या भिंती, वरती जाळी. जाळीच्या जागी आता खिडक्या बसवल्या होत्या. चारी बाजूंनी ऊस. ऊस वाढला की रस्ता दिसायचा नाही. दमट दिवसांत जमिनीतून अजून कोंबड्यांचा वास यायचा. एक टोकाची खोली सतरंज्या घालून माझ्यासाठी मोकळी केली होती. तिला एकच दार. मी आत गेल्यावर तिथल्या माणसानं ते दार बाहेरून ओढून घेतलं आणि कडी लावली. वर्ग संपेपर्यंत कुणी उठून जाऊ नये म्हणून.

समोर पंधरावीस माणसं बसली होती. कुणी तरुण, कुणी माझ्या वडिलांच्या वयाचं. मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. "पाठ ताठ करा, डोळे मिटा, आता मी मोजते तसा श्वास घ्या. एक, दोन, तीन..."

मी मोजायला लागले आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी डोळे उघडले. एक जण उकिडवा बसला. त्याच्या शेजारचाही बसला. मागच्या रांगेतही तसंच झालं. न सांगता सगळे जोडीजोडीनं उकिडवे बसले, हात गुडघ्यांवर, माना खाली. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. नंतर कळलं की जेलात सकाळ-संध्याकाळ गिनती होते, आणि गिनतीला असंच बसायचं असतं. ज्यांना जेल माहीत नव्हतं ते बाकीच्यांचं बघून बसले. मी मोजत राहिले तोवर कुणी हललं नाही.

सगळ्यांत मागं, भिंतीला पाठ लावून एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल. रुंद छाती, आखूड मान, कान मोडून गोळा झालेले. तरुणपणी कुस्त्या खेळलेला, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. लोणी भापकरचा. तो बसला नाही, त्यानं डोळे मिटले नाहीत. शेवटी मी सगळ्यांना शवासनात झोपायला सांगितलं तेव्हाही तो उभाच होता. मी त्याच्याकडं गेले. त्याचे खांदे कानांपर्यंत वर चढलेले होते. बायकांच्या वर्गात करते तसंच मी केलं. बाजूनं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खांदा सैल सोडा."

त्यानं माझं मनगट धरलं आणि पिळलं. हे इतकं झटकन झालं की मला दिसलंही नाही. मी गुडघ्यावर आले. त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि तो मला बघत नव्हता, माझ्या मागं कुणाला तरी बघत होता. मग दोघातिघांनी "पैलवान, पैलवान, बाई हायत्या, सोडा," म्हणत त्याचा हात सोडवला. सोडल्यावर तो दाराकडं गेला, दार बंद होतं, तर तिथंच पत्र्याला कपाळ लावून उभा राहिला.

मी उठले. उरलेला वर्ग पूर्ण केला. सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला, स्कूटी चालवत बारामतीला आले आणि रात्रीची भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभी फॉल लावलेली साडी द्यायला आल्या. त्यांचं शिलाईचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे. साडी माझ्या हातात देता देता त्या थांबल्या.

"ताई, हाताला काय झालंय?"

मी बघितलं. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता.

"मुरगळलं असेल," मी म्हणाले.

"असेल म्हणजे? दुखत न्हाय का तुमाला?"

मी विचार करून बघितला. दुखत असावं. पण ते दुखणं कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरात चाललेल्या भांडणासारखं होतं. भाभींनी दुकानाचं शटर ओढलं, मला रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. हाडाला चीर गेली होती. प्लास्टर घातलं.

संध्याकाळी डॉक्टर घरी आला. केंद्रातून त्याला कळलं होतं. माफी मागत होता. मग प्लास्टरकडं बघत म्हणाला, "हाड चिरलंय आणि तुम्ही वर्ग पूर्ण केलात? स्कूटी चालवलीत?"

"हो."

"ताई, एक सांगू का? तिथल्या निम्म्या लोकांची हीच तक्रार आहे. शरीर आपलं वाटत नाही. पैलवान परवा म्हणाला, खांद्याच्या खाली कुणी दुसराच राहतोय."

आईनं दिलेला लाडवांचा डबा टेबलावर ठेवून तो गेला.

त्यानंच मला पुण्याच्या एका बाईंचा पत्ता दिला. ज्यांच्या मनावर आघात झालाय अशांना, कैद्यांना, मारहाण सोसलेल्या बायकांना योग कसा शिकवायचा, हे त्या शिकवायच्या. प्लास्टर असताना दुसरं काही काम नव्हतं, म्हणून गेले. त्या फार साधं बोलायच्या. या माणसांच्या आयुष्यात सगळं कुणीतरी हुकमानं करून घेतलेलं असतं, उठ, बस, झोप. तुम्ही पण हुकूमच सोडलात तर तुमच्यात आणि त्या हुकूम देणाऱ्यांत फरक काय? दार उघडं ठेवा. पाठीमागून चालू नका. हात लावू नका. डोळे मिटायला सांगू नका, ज्याला मिटायचे तो मिटेल. आणि पुढं काय करणार ते आधी सांगा. मी सगळं ऐकलं आणि परत आले.

केंद्रात पुन्हा गेले तेव्हा पहिल्यांदा कडी काढायला लावली. तिथला माणूस म्हणाला, "पळून जातील की, बाई."

"जाऊ देत," मी म्हणाले. "ऊसच तर आहे बाहेर."

कुणी पळालं नाही. दोघं उठून बाहेर बिडी ओढून परत आले. मी समोर बसले, दाराची वाट मोकळी सोडून, सगळ्यांना दिसेन अशी. मोजणं सोडलं. "हात वर न्यावासा वाटला तर न्या, नाही तर राहू दे," असं बोलायला लागले. सुरुवातीला ते हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "नक्की काय करायचं ते सांगा ना. आमाला सवय न्हाय इचारून करायची." खुर्च्या मागवल्या, कारण जमिनीवर बसलं की बऱ्याच जणांना बराक आठवायची. शवासन हा शब्द काढून टाकला. एक जण म्हणाला होता, बाई, शव म्हंजी मढंच की. तेव्हापासून मी "नुसतं पडायचं" म्हणायला लागले. ज्याला पडायचंय त्यानं पडायचं, ज्याला बसायचंय त्यानं बसायचं.

पैलवान रोज यायचा आणि भिंतीशी उभा राहायचा. माझ्या प्लास्टरकडं तो बघायचा नाही. मीही विषय काढला नाही. मी जागेवरून उठले की सांगायचे, "मी आता खिडकीकडं जातेय," आणि तो मान हलवायचा, म्हणजे ऐकलंय. काही आठवड्यांनी तो उभ्या उभ्या हात वर न्यायला लागला. मग खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यात बसायला लागला. पण पडायचा मात्र नाही. बाकीचे सांगायचे की रात्रीसुद्धा तो कोपऱ्यात बसून झोपतो, मान छातीवर टाकून.

मला वाटलं, कुस्तीमुळं असेल. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की तो हरला. तसं त्याच्या आईला विचारलं. दर रविवारी ती बाजरीच्या भाकरी आणि खर्डा घेऊन यायची, लोणीहून बारामतीला यष्टीनं आणि तिथून पुढं दुसऱ्या गाडीनं. बारीक बाई, कमरेत वाकलेली.

"न्हाय ओ, ताई," ती म्हणाली. "कुस्त्या खेळायचा तवा तर असा झोपायचा, पाय वढून उठवावं लागायचं. हे तितनं आल्यावरचंय."

तिनंच मग मला सगळं सांगितलं. पाटाच्या पाण्यावरून दोन वाड्यांत मारामारी झाली, एक माणूस दगावला. जे जे तिथं होते त्यांना सगळ्यांना धरलं. हा तिथं होता. जामीन झाला नाही. केस चालत राहिली, तारखांवर तारखा. काही वर्षांनी कोर्टानं त्याला आणि आणखी काही जणांना निर्दोष सोडलं. तोवर बायको माहेरी गेली होती, ती आली नाही. घरी आल्यावर झोप लागेना म्हणून प्यायला लागला. आधी थोडी, मग दिवसाही. शेवटी आईनंच भावकीतल्या दोघांना घेऊन त्याला इथं आणून सोडलं.

"सुटला त्या दिवशी पेढं वाटलं मी," ती म्हणाली. "त्यानं खाल्ला न्हाय."

प्लास्टर निघाल्यावर एकदा वर्ग संपला आणि सगळे चहाला गेले. पैलवान खुर्चीतच बसून राहिला. मी सतरंज्या घडी करत होते.

"हात बरा हाय का?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

"मी तुमाला न्हाय धरलं, बाई."

"माहीत आहे."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग त्याच आवाजात, जसं कुणी दुसऱ्या गावाची हकिकत सांगावी, तसं त्यानं सांगितलं. बराकीत जागा नव्हती. कुशीवर झोपायचं, एकाला चिकटून एक. कूस बदलायची तर अख्ख्या रांगेनं बदलायची. त्याच्या शेजारी सोलापूरकडचा एक म्हातारा असायचा. दम्याचा. थंडीत तो ह्याच्या अंगावर हात टाकून झोपायचा, ऊब म्हणून. हा टाकू द्यायचा. एक दिवस सकाळी गिनतीची हाळी झाली. हा उठायला लागला तर म्हाताऱ्याचा हात उचलेना. जड, गार. ह्यानं तो हात आपल्या अंगावरून काढायचा प्रयत्न केला तर बोटं बनियनीत अडकलेली.

"रातभर माज्या अंगावर मढ्याचा हात व्हता. आन् मला गाढ झोप लागलती, बाई. मला कळलंच न्हाय. कवा गेला, हाक मारली का काय, मला काय कळलंच न्हाय."

मी घडी केलेली सतरंजी हातात धरून उभी होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटण्याची जागा कुठं आहे तेही मला ठाऊक होतं, पण तिथं पोचता येत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मी ऐकलं."

"व्हय," तो म्हणाला. आणि चहाला गेला.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं. पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं देऊळ उघडं पडलं की आजूबाजूचे लोक बघायला जातात. केंद्रातल्या समुपदेशकानं ठरवलं की सगळ्यांना एक दिवस तिकडं न्यायचं. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. मलाही बोलावलं, तिथंच वर्ग घ्या म्हणून.

सकाळी लवकर पोचलो. पाणी खूप आत गेलं होतं. मोकळ्या पडलेल्या जमिनीत कुठं कुठं गाळपेर केलेली, पाणी उतरेल तसं लोक तिथं पेरतात. बाकी सगळा भेगाळलेला गाळ, पार लांबवर पाण्याच्या रेघेपर्यंत. देवळाच्या दगडांना अजून शेवाळाचा वास होता. काठाला मच्छीमारांच्या होड्या, जाळी वाळत घातलेली. आमची मंडळी मुलांसारखी इकडंतिकडं फिरली. मग देवळाच्या सावलीत सगळे बसले. मी सावकाश थोडं हातापायांचं घेतलं. शेवटी म्हणाले, "ज्याला पडायचंय त्यानं पडा. कुठंही."

पैलवान उठला आणि चालायला लागला. समुपदेशक म्हणाला, "कुठं निघाला हा?" मी म्हणाले, बघू.

तो बराच लांब गेला, जिथं ना देऊळ, ना झाड, ना होडी. तिथं थांबला. एकदा सगळीकडं वळून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग उकिडवा बसला. थोड्या वेळानं मांडी घातली. मग एका हातावर रेलला, आणि उताणा झाला.

तो म्हातारा, इचारून करायची सवय नसलेला, हळूच म्हणाला, "पडलं गड्या." एवढंच.

आम्हाला वाटलं, जरा वेळानं उठेल. तो उठला नाही. डोळे बारीक करून बघितलं तर छाती वरखाली होताना दिसत होती. ऊन चढायला लागलं. गाडीचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, "निघायचं का? मला दुपारी दुसरं भाडं हाय."

समुपदेशक त्याला उठवायला निघाला. मी म्हणाले, "उठवू नका."

"ताई, उन्हात पडलाय. काही झालं तर?"

"तो कधीपासून आडवा होऊन झोपला नाहीये माहीत आहे ना?"

तो थांबला. त्यानं ड्रायव्हरला बाजूला नेऊन समजावलं. ड्रायव्हरनं फोन करून दुसरं भाडं कुणाला तरी दिलं आणि गाडीखाली जाऊन तोही आडवा झाला. एक मच्छीमार होडीवरून उतरून आमच्यापाशी आला. पैलवानाकडं बोट करून म्हणाला, "त्यो मेला का काय?"

"झोपलाय," कुणीतरी सांगितलं.

"हितं? घर न्हाय का त्येला?"

पण त्यानंच मग होडीतली दोन वल्ही आणि एक जुनी चादर आणून दिली. सावली करा म्हणाला. ती घेऊन जायला दोघं तयार झाले. मी म्हणाले, मी जाते. चपला देवळाबाहेर काढलेल्या होत्या, त्या घालायचं राहिलं. वल्ही जड होती. मी त्याच्या पायांच्या बाजूनं, त्याला दिसेन अशी चालत गेले आणि वर्गात बोलते तशीच बोलत राहिले. "मी येतेय. मी तुमच्या पायांकडं आहे. माझ्याकडं दोन वल्ही आहेत आणि एक चादर. मी उजव्या हाताला एक वल्हं रोवणार आहे. मी तुम्हाला हात लावणार नाहीये."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. ह्या खेपेला माझ्याकडंच बघितलं, माझ्या मागं नाही. मग डोळे मिटून घेतले.

मी भेगांत वल्ही रोवली, चादर बांधली. गाठी नीट बसेनात, पुन्हा बांधल्या. सावली त्याच्या तोंडावर आणि छातीवर पडली. मग माझ्या लक्षात आलं की माझे पाय भाजतायत. गाळ तव्यासारखा तापला होता. तळव्यांची आग होत होती, बोटांच्या मधे जास्त, आणि ती आग माझ्याच पायांत होती, लांब कुठं नव्हती. मी तिथं उभी राहून ते बघत राहिले. खूप दिवसांनी काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं होतं. मला त्याचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. नवरा आठवला, त्याचे दवाखान्यात उघडे दिसलेले तळवे आठवले. रडू आलं नाही. पाय भाजत होते, म्हणून मी चालत सावलीत परत आले.

पैलवान दुपार कलेपर्यंत झोपला. आम्ही तोवर डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, मच्छीमारांनी चहा दिला. कुणी कुरकुर केली नाही. उठून आला तेव्हा त्याच्या पाठीवर भेगांची नक्षी उठली होती. वल्ही त्यानं स्वतः परत नेऊन दिली. गाडीत शेवटच्या सीटवर बसला आणि बारीक आवाजात विचारलं, "लई येळ झाला का?"

"न्हाय," सगळे म्हणाले.

त्यानंतर तो बरा झाला, असं मला लिहिता आलं असतं तर चांगलं होतं. केंद्रात परत आल्यावर रात्री तो बसूनच झोपला. छपराखाली त्याची पाठ टेकत नव्हती, ती नाहीच टेकली. उघड्यावर मात्र टेकायला लागली. केंद्राच्या अंगणात दुपारी पडायचा. मुदत संपल्यावर घरी गेला. मधे पुन्हा प्याला. आईनं परत आणून सोडला, काही दिवस राहिला, परत गेला. आता पीत नाही, असं त्याची आई सांगते. एमआयडीसीत एका गेटवर रात्रीचा वॉचमन आहे. रात्री बसून राहायचंच काम, ते त्याला जमतं. दिवसा घरामागच्या लिंबाखाली बाज टाकून झोपतो.

मी केंद्रात जाते, आणि आता महिन्यातून काही वेळा तुरुंगातही जाते. तिथं दार उघडं ठेवता येत नाही. तसं मी आधीच सांगून टाकते. दार माझ्या हातात नाही, बाकी काय करायचं ते तुमच्या हातात आहे. काही जण करतात, काही भिंतीकडं तोंड करून बसतात. माझ्यात फार काही बदललं असं नाही. पोळलं तर कळतं, भूक लागली तर कळते. मुलगी म्हणते, आई, तू फोनवर अजून बातम्या दिल्यासारखी बोलतेस. असेल.

मागच्या थंडीत एका सकाळी एमआयडीसीतून जात होते. पाळी सुटत होती, मोटरसायकली एकामागून एक बाहेर पडत होत्या. पैलवान त्याच्या गेटवर दिसला. मी स्कूटी बाजूला घेतली. मफलर गुंडाळून खुर्चीत बसला होता. उठून उभा राहिला.

"झोप येते का?" मी विचारलं.

"कदी लागती, कदी न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तुमाला लागती का, बाई?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. धीराच्या बाईला झोपेचं कोण विचारणार.

"नाही," मी म्हणाले. "नवरा गेल्यापासून नीट नाही लागत."

त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्यावरच्या मोटरसायकलींकडं. वाईट झालं असंही म्हणाला नाही.

"मग दुपारचं या की लोणीला," तो म्हणाला. "आई असती घरी. लिंबाखाली बरं वारं असतंय. आजून एक बाज हाय."

एका रविवारी मी गेले. त्याच्या आईनं जेवायला घातलं, मटकीची उसळ आणि भाकरी. तो दुसऱ्या बाजेवर आधीच झोपलेला होता, उताणा, तोंडावर टॉवेल. मी माझ्या बाजेवर पडले. त्याची आई बाजूला बसून शेंगा फोडत होती. पाला हलत होता, मधून मधून ऊन डोळ्यांवर यायचं आणि जायचं. मला झोप लागली नाही. पण बरीच दुपार मी तशीच पडून राहिले, आणि मग चहा घेऊन निघाले.